मानाची ओळ

आमच्या ऑफिसात नव्या माणसाने पहिल्या दिवशी दोन गोष्टी करायच्या, असा रिवाज होता. पावशेर पेढे आणायचे, आणि कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत आपल्या नावाची ओळ घालायची. पेढे अकराच्या चहाबरोबर संपत. ओळ राहायची. माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला, आखातात गेला, एक जण तर कॉम्प्युटरला कंटाळून भिगवणला माशांच्या धंद्यात शिरला, तरी त्याची ओळ जागच्या जागी. ती काढायचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. यायचा तो माझ्याच मनात आला, आणि तोही राग आला म्हणून. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. आता त्या शेंड्यावर चष्मा आहे, बाकी फरक नाही.

ऑफिस म्हणजे बारामतीच्या एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या. नव्वदच्या दशकाचा मध्य. खाली खतं-औषधांचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम फवारणीच्या औषधाचा वास. मी घरी आले की आई विचारायची, "तुमच्या कॉम्प्युटरवर रोग पडतुया का गं?" मी म्हणायचे, पडतो.

तिथे युनिक्सचं एक मशीन होतं आणि त्याला जोडलेले चार हिरव्या अक्षरांचे पडदे. ऑफिसचे मालक, म्हणजे आमचे सर, मूळचे पिंपळीचे. पुण्यात चांगली नोकरी करून, आपल्या भागात काहीतरी उभं करायचं म्हणून परत आलेले. पुस्तकी मराठी बोलायचे. फार आनंद झाला किंवा फार राग आला की मात्र आतली पिंपळी बाहेर यायची.

आमचं मुख्य काम होतं इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं. उसाची भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन होतं. ऊस उतरवून ती रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरल्यातून रिकामं वजा केलं की उसाचं वजन. तिसरीतल्या पोराला येईल अशी ही वजाबाकी आमच्या कॉम्प्युटरने करायची होती. आधीचा प्रोग्राम सरांनी एकट्याने लिहिलेला, फक्त ट्रॅक्टरपुरता. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने त्यात भर घातली. मी रुजू झाले तेव्हा बैलगाड्यांचं कलम जोडायचं काम राहिलं होतं. ते माझ्या वाट्याला आलं.

मी शेळगावची. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारे ते पहिले, आणि जगात पगाराची खरी नोकरी एकच, शाळेची, असं त्यांचं ठाम मत. मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी बी.एड.चं ठरवूनच टाकलं होतं. मी अडून बसले. मला शिकवायचं नव्हतं. वर्गात मुलं एकाच वेळी दहा प्रश्न विचारतात, आणि दुसऱ्या प्रश्नालाच माझा आवाज चढतो, हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरवर आवाज चढवला तरी तो कोपऱ्यात जाऊन रडत नाही.

शेवटी आबांनी तोड काढली. "ह्या हंगामापुरतं जा. कारखान्याचा काटा तुमच्या कॉम्प्युटरवर चालला, तर तुझी नोकरी खरी. न्हाय चालला, तर गुमान बी.एड. मान्य?"

मी मान्य म्हणाले. इंदापूर-बारामती एसटीची खिडकीची जागा आणि स्वतःचा एक हिरवा पडदा यांच्यासाठी मी तेव्हा काहीही मान्य केलं असतं.

आबांची गावात दुसरीही एक ओळख होती, ती लग्नपत्रिकेची. आमच्याकडे पत्रिका म्हणजे नुसतं निमंत्रण नसतं. त्यात सगळी भावकी यावी लागते. निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण, व्यवस्थापक कोण, कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. एक नाव राहिलं तर त्या घराची पुढची तीन लग्नं आपल्याला बंद. नाव चुकून खाली आलं म्हणून एक पाहुणा भर मांडवात बुंदी नाकारून फक्त भातावर उठल्याचं मी स्वतः पाहिलंय. आबांना ह्यातले खाचखळगे तोंडपाठ. आमच्या वस्तीतल्या मंगल परिणयाच्या पत्रिका तर त्यांच्या हातून जायच्याच, पण गावातले ऊसवाले बागायतदारही कच्चा कागद घेऊन आमच्या अंगणात यायचे. "गुरुजी, जरा नजरंखालनं घाला. भांडान नगं."

तर कारखान्यावरची चाचणी. मोळी पडायला, म्हणजे हंगाम सुरू व्हायला, आठवडा राहिला होता. मी फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी जेवणाच्या डब्यात आणि डबा मांडीवर अशी घेऊन गेले. काट्यावर तात्या होते. तात्या म्हणजे तिथले जुने क्लार्क, पांढरी टोपी, कानावर पेन. त्यांनी चाऱ्यासाठी तोडलेला ऊस भरून एक ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी आणवली होती. ट्रॅक्टरचं वजन झ्याक आलं. मग सात नंबरची बैलगाडी भरलेली चढली, रिकामी परत आली, आणि पडद्यावर उसाचं वजन उमटलं. उणे.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "ताई, ह्या गड्यानं ऊस आणला का कारखान्यातनं नेला?"

गाडीवान खवळला. "मी कशाला नेऊ? माझ्या बैलांना इचारा."

सगळे हसले. मीही हसले. परतीच्या गाडीत मला खिडकीबाहेर ऊस दिसेना, बी.एड.चं कॉलेज दिसायला लागलं.

चूक काय होती ते मला वाटेतल्या लासुर्ण्याच्या आधीच उमगलं होतं. ट्रॅक्टरांचे नंबर एकपासून सुरू व्हायचे, आणि बैलगाड्यांचेही एकपासून. प्रोग्राम नुसता सात नंबर बघायचा. सात नंबरच्या बैलगाडीतून तो आधी येऊन गेलेल्या सात नंबरच्याच ट्रॅक्टरचं रिकामं वजन वजा करत होता. एवढंसं काम. वाहनाचा प्रकारही तपास, अशी एक ओळ घालायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ती घातली. मग ती बरोबर चालतेय ना हे बघायला डिबगर लावला.

डिबगर म्हणजे चुका हुडकायचा प्रोग्राम. तो आपला प्रोग्राम ओळीओळीने चालवून दाखवतो, सांगाल तिथे थांबतो, आणि थांबला त्या ओळीपुढे बाण काढतो. माझ्या आधीचे लोक त्याच्या वाटेला जात नसत. शंका आली की प्रोग्रामलाच मधे मधे काहीबाही छापायला लावायचे आणि कागद बघायचे. मला मात्र डिबगर आवडायचा. एवढ्या मोठ्या यंत्राला 'थांब' म्हणावं आणि ते निमूट थांबावं, हे सुख मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

मी त्याला माझ्या नव्या ओळीवर थांबायला सांगितलं. तो थांबला, पण बाणासमोर माझी ओळ नव्हतीच. भलतंच काहीतरी होतं, आणि ओळच दिसत नाही म्हटल्यावर उत्तर काय येतंय ते बघायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, मी फाइल नीट साठवली नसेल. पुन्हा लिहिली, तिच्यावरून प्रोग्राम पुन्हा बांधला, पुन्हा चालवला. नाही. मग वाटलं, ओळ चुकीच्या जागी पडली असेल. ती हलवली. शेजारच्या दोन ओळी बदलल्या. पुढचे दोन दिवस मी त्या बिचाऱ्या फाइलीत इतकं खालवर केलं की ट्रॅक्टरचंही वजन चुकायला लागलं. शेजारच्या पडद्यावरचा सहकारी म्हणाला, "डबल ट्रॉलीचा ऊस फक्त चार किलो?" मी त्याला असं काही बोलले की त्याने दिवसभर माझ्याशी चहापुरतंही तोंड उघडलं नाही.

तशात सरांनी नवा नियम काढला. चाचणीची हकीकत त्यांच्यापर्यंत गेली होती. "दुरुस्ती डिबगरमध्ये मी स्वतः बघितल्याशिवाय फ्लॉपी इथून हलणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं. त्यांनी स्वतःच्या पडद्यावर डिबगर लावला, बाणाकडे ओझरतं बघितलं आणि मला बोलावलं. "यात तुमची दुरुस्ती कुठे आहे?"

मी म्हणाले, "आहे, सर. फाइलीत आहे."

"मग दिसत का नाही?"

मी जागेवर येऊन बसले आणि पडद्याकडे डोळे वटारून बघत राहिले. रडू येत होतं, ते रागाच्या नावाखाली दाबत होते. आणि बघता बघता लक्षात आलं की बाण जिथे थांबलाय तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. येथे हात लावू नये.

ही प्रोग्रामची ओळ नव्हती. माणसाने माणसासाठी लिहून ठेवलेली सूचना होती. अशा सूचना मशीन वाचतच नाही, त्या चालण्याचा प्रश्नच येत नाही. मग बाण तिथे थांबेलच कसा? आणि अशी सूचना मी तर लिहिलेली नव्हती. माझ्या फाइलीत ती नव्हतीच.

म्हणजे चालत होता माझा प्रोग्राम, आणि दाखवला जात होता दुसऱ्याच कुणाच्या तरी फाइलीचा मजकूर. ओळीचा नंबर बरोबर, ओळ दुसऱ्याची.

मी ताडकन उठून उभी राहिले आणि परत बसले. आता ती पेढ्यांबरोबरची फाइल उघडली. डिबगर सुरू होताना सगळ्यात आधी ती वाचायचा. मूळ मजकूर कुठे हुडकायचा, त्या डिरेक्टऱ्यांची, म्हणजे मशीनमधल्या ज्याच्या त्याच्या कप्प्यांची, यादी तिच्यात होती. नियम साधा. वरून खाली बघत यायचं, पहिल्यांदा जिथे त्या नावाची फाइल सापडेल ती उघडायची, पुढे बघायचंच नाही. आणि वजनकाट्याची फाइल तर प्रत्येकाच्या डिरेक्टरीत होती, एकाच नावाची. जो तो जाताना आपली जुनी प्रत मागे ठेवून गेलेला. यादीत सगळ्यात वर सरांची ओळ. त्याखाली त्यांच्या पहिल्या सहकाऱ्याची, त्याखाली त्याच्यानंतरच्याची, असं करत आखातवाला, मासेवाला, आणि सगळ्यात शेवटी पायरीशी मी. ज्येष्ठतेने लावलेली यादी. डिबगर बिचारा पहिल्या दारावर थाप मारायचा, सरांची जुनी प्रत हातात घ्यायचा आणि तीच सगळ्यांना वाचून दाखवायचा. त्या प्रतीच्या वेळी बैलगाड्यांचा विषयही निघालेला नव्हता.

मला हसू फुटलं. आबांची पोर मी. ही यादी काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. ती लग्नपत्रिका होती. आल्या-गेल्या सगळ्यांची नावं, मानाप्रमाणे, आणि एकही गाळायचं नाही.

तसंच्या तसं सरांना जाऊन सांगितलं. शहाणी बाई असते तर आधी दोन गोड शब्द बोलले असते. मी म्हणाले, "सर, वरच्या सगळ्या ओळी काढून टाकायला पाहिजेत. तुमची पहिली."

सरांचा चेहरा बदलला. "पहिली ओळ? त्या ओळीवर हे ऑफिस उभं हाय." पिंपळी आली होती बाहेर. "बाकीच्यांचंबी तेच. ज्यांनी पाया घातला त्यांची नावं खोडायची आन् परवा आलेल्यांची ठिवायची? माझ्या हयातीत न्हाय व्हायचं. तुमी आपली दुरुस्ती नीट करा, दिसंल आपोआप."

उलट न बोलता मी जागेवर येऊन बसले, ह्याचं आजही आश्चर्य वाटतं. मोळीला तीन दिवस उरले होते.

घरी आले तर ओसरीवर आबा तेच घेऊन बसलेले. माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेचा कच्चा कागद त्यांच्यासमोर होता. वर नमो बुद्धाय, खाली नावंच नावं. चुलते शेजारी बसून एकेका नावाला हरकत घेत होते. मी चप्पल जरा जास्तच जोरात काढली.

"काय झालं?" आबांनी मान वर न करता विचारलं.

मी सगळं सांगितलं. डिबगर त्यांना कळायचं कारण नव्हतं, म्हणून पत्रिकेच्याच भाषेत सांगितलं. समजा, पाहुणे आलेत, पत्रिकेत पहिलं नाव बघतात आणि त्या घरी जाऊन चौकशी करतात. पण त्या घरातला माणूस कधीच गाव सोडून गेलाय. घर उघडं आहे, आत जुना पत्ता लावलेला आहे. पाहुणे तो पत्ता घेऊन निघतात आणि भलत्याच मांडवात जाऊन जेवतात.

चुलते हसून म्हणाले, "मग जेवाण चांगलं आसंल तर काय बिघाडलं?"

आबा हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल ठेवली. "नाव काढायचं न्हाय, म्हणतात तुझे सर. बराबर हाय त्यांचं. नाव काढत न्हाईत."

मला वाटलं, झालं, आता हेही तिकडचेच.

"नाव काढत न्हाईत," आबा पुन्हा म्हणाले, "नावाच्या आधी खूण करत्यात. हे बघ." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. तिथे माझ्या वारलेल्या आजोबांचं नाव होतं आणि त्याआधी लिहिलं होतं, कालकथित. "ह्यांचं नाव हाय का न्हाय? हाय. मान कमी झाला का? न्हाय. पर लग्नाच्या दिवशी त्यांची दारात कुणी वाट बघत बसतंय का?"

मी कागदाकडे बघतच राहिले. डिबगरच्या फाइलीतही अशी खूण असते. टेलिफोनच्या बटणांवर शून्याशेजारी आडव्या-उभ्या रेघांचं जे चिन्ह असतं, तेच. हॅश. ते ओळीच्या आधी टाकलं की डिबगर ती ओळ ओलांडून पुढे जातो. ओळ फाइलीत तशीच राहते, माणसाला वाचता येते, यंत्राला तिचं काम उरत नाही. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण रागाच्या भरात मला फक्त खोडायचं सुचलं होतं.

"पण आबा, सर तर हयात आहेत. रोज ऑफिसात येतात. त्यांच्या नावापुढे कालकथित लावू?"

आता चुलते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आबाही हसले. "जित्या माणसाला वर घ्यायचं. शुभाशीर्वादात. मान सगळ्यात मोठा, काम कायबी न्हाय. पर एक ध्यानात ठेव. ज्याचं नाव वर न्यायचं, त्याला आधी इचारायचं. छापून झाल्यावर सांगितलं तर त्यो उखाडतो."

जेवताना मला एकदम जाणवलं की आबांनी मला वाचवायचा रस्ता दाखवला होता, आणि तो त्यांना नको असलेल्या नोकरीकडे जात होता. त्यांना हे कळलं नसेल असं नाही. मला भरून आलं आणि मी आईला भाकरी करपली म्हणाले. करपली नव्हती.

सकाळच्या पहिल्या गाडीने बारामती गाठली. खताचं दुकानसुद्धा उघडलं नव्हतं. मी फाइलीची नवी प्रत केली. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत लिहिलं, शुभाशीर्वाद, आणि त्याखाली सोडून गेलेल्या सगळ्यांच्या ओळी जशाच्या तशा, प्रत्येकीच्या आधी हॅश. माझीही ओळ तिथेच टाकली, मला कशाला हवा सवतासुभा. सगळ्यात खाली एकच जिवंत ओळ, चालू कामाच्या सामाईक डिरेक्टरीची, आणि माझी दुरुस्त फाइल तिच्यात आणून ठेवली. सरांची ओळ तेवढी होती तशी पहिल्या जागेवर ठेवली, खूण न करता.

सर आले. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "सर, कुणाचंही नाव काढलेलं नाही. तुमच्या ओळीला मी हात लावलेला नाही. ते तुम्ही ठरवा."

त्यांनी यादी वाचली. शुभाशीर्वाद ह्या शब्दावर थांबले. त्यांच्या घरीही लग्नं झालेली होती, त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

"म्हणजे आम्हाला पाटावर बसवलं," ते म्हणाले.

"आशीर्वाद मोठ्यांचाच असतो, सर."

मग त्यांनी स्वतःच्या जुन्या डिरेक्टरीतली वजनकाट्याची फाइल उघडली. बऱ्याच वर्षांत उघडली नसावी. वाचत वाचत खाली आले आणि त्या सूचनेपाशी थांबले. येथे हात लावू नये. आधी नुसता श्वास सोडला, मग खांदे हलायला लागले, मग मोठ्याने हसू. "मीच लिवलंय की हे. एक पोरगा सारखं बदलायचा तितं." डोळे पुसून त्यांनी आमची फाइल पुन्हा पुढे घेतली, पहिल्या ओळीवर गेले आणि एका बोटाने हॅश टाकली. एका अक्षराचं काम, पण ते दाबायच्या आधी बोट हवेत बराच वेळ होतं. मला त्या क्षणी सर फार आवडले.

त्यानंतर डिबगर लावला. बाण बरोबर माझ्या ओळीपुढे येऊन उभा राहिला. मी नेसलेली साडी ऑफिसात कुणी बघत नसे, पण त्या दिवशी माझी ओळ चौघांनी उभं राहून बघितली. आणि पहिल्याच दिवशी घातलेली ओळ मुळात बरोबर होती, हे तेव्हा कळलं. दोन दिवसांची सगळी उलथापालथ मी पुसून टाकली आणि ती एक ओळ परत आणली. शेजारच्या सहकाऱ्याला स्वतःहून चहा दिला. त्याने तो संशयाने प्यायला.

मोळीच्या दिवशी कारखान्यावर जत्रा होती. हार, नारळ, लाउडस्पीकर. मी काट्याच्या खोलीत तात्यांच्या शेजारी. तात्यांनी आपला कागद-पेन काढून ठेवलेला, "आसू द्या बाजूला, तुमचं यंत्र रुसलं तर." पूजेनंतर गाड्या लागल्या. खिडकीतून बघते तो रांगेत कडेला आबा उभे. शाळा सुटल्यावर सरळ सायकलवर आले असावेत, पायजम्याला अजून क्लिप होती. मी त्यांना या म्हणून सांगितलेलं नव्हतं.

आणि नेमकी सात नंबरची बैलगाडी आली. तोच गाडीवान. त्याने मला ओळखलं. "बाई, आज माझ्या नावावर चोरी लावू नका."

भरलेली चढली. आकडा आला. ती खाली करून परत येईस्तोवर मी खिडकीकडे एकदाही बघितलं नाही, आबांचा चेहरा बघायची छाती नव्हती. गाडी रिकामी आली, चढली, पडदा क्षणभर कोरा झाला आणि वजन उमटलं. तात्यांनी कागदावर आपली वजाबाकी केली, टोपी मागे सरकवली आणि खिडकीतून ओरडले, "ह्या टायमाला आणलाय बरं का ऊस." रांगेत हशा पिकला. गाडीवानाने बैलाच्या पाठीवर थाप मारली. मी खिडकीकडे बघितलं तेव्हा आबा सायकलला टांग मारत होते. पाठच दिसली. त्यावरून काय समजायचं ते मला कळेना.

त्या रात्री आणि नंतरही घरात कुणी बी.एड.चं नाव काढलं नाही. पण हो असंही कुणी म्हणालं नाही. आबांच्या मनाचा थांग लागणं अवघड, आणि विचारायचा मला धीर होईना. मी रोज गाडी पकडत होते आणि रोज वाटायचं, आज परत आल्यावर बोलतील.

मग पत्रिका छापून आल्या. गठ्ठा ओसरीवर सुटला, शाईचा वास सुटला, आणि पोरंसोरं आपापली नावं शोधायला तुटून पडली. मीही एक उचलली, सहज. आमच्या पत्रिकांत लेकीबाळींची नावं नसायचीच. फार तर तळाशी लहानग्यांच्या ओळीत, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. व्यवस्थापकांत सगळे पुरुष. ह्या वेळी व्यवस्थापकांतल्या पहिल्या नावावर नजर गेली आणि मी तिथेच थांबले. ते माझं नाव होतं. त्यापुढे छापलेलं होतं, कॉम्प्युटर इंजिनिअर, बारामती. मी इंजिनिअर नव्हते. शाळेच्या फळ्यावर वेलांटी चुकली तरी पुसून परत लिहिणाऱ्या आबांनी हे सरळ छापून आणलं होतं.

ही जागा आबांची होती. भावकीतल्या प्रत्येक लग्नात व्यवस्थापकांत पहिलं नाव त्यांचंच असायचं. मी खालपर्यंत शोधलं. नव्हतं.

"आबा, तुमचं नाव राहिलं."

आबा भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. "वर बघ."

मी वर बघितलं. शुभाशीर्वादाच्या ओळीत, आजोबांच्या कालकथित नावाच्या खाली, आबा होते.

तेवढ्यात अंगणात मंडपवाला येऊन उभा राहिला आणि विचारायला लागला की बांबू कुठं उतरवायचे, तांदळाची पोती कुणाच्या ताब्यात द्यायची, व्यवस्था कुणाकडं हाय. आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि हातातला अडकित्ता माझ्याकडे केला.